मेंढरांनी तोंड न लावलेलं पाणी

बिरप्पा धनगराला एक वेळ बायकोचं पटायचं नाही, पण मेंढरांचं पटायचं! मेंढरू ज्या पाण्याला तोंड लावत नाही ते माणसानं पिऊ नये, असं त्याचा बाप सांगायचा. माळामाळानं हिंडताना त्या एका नेमानं तो कितीदा तरी तरला होता.

एकोणीसशे तीस सालाच्या आधीचा तो उन्हाळा. त्याच्या वळसंग गावात पटकी, म्हणजे कॉलरा शिरला. सोलापूरहून सरकारी डॉक्टर मोटारीनं आला. म्हणाला, "आजाऱ्यांची धडुती ओढ्यात धुतलीत. ओढ्याचं पाणी कुणीही प्यायचं नाही." मग गावच्या विहिरीत त्यानं लाल औषध टाकलं आणि हेच पाणी प्या म्हणून बजावलं.

बिरप्पानं ते पाणी मेंढरांच्या दगडी डोणीत ओतलं. म्होरक्या मेंढीनं हुंगलं, नाक फेंदारलं आणि ती मागं सरली. तिच्यामागं सगळा कळप फिरला.

झालं! त्याला दुसरा दाखला कशाला हवा? घरी येऊन त्यानं बायकोची, गोजाबाईची, विहिरीवरून भरून आणलेली घागर अंगणात पालथी केली.

"अवं, ही काय रीत?" गोजाबाई करवादली. "शिकला-सवरलेला मानूस सांगतुया, ऐका की!"

"मेंढरं खोटं बोलत न्हाईत. वड्याचं पानी समदी प्याली."

"मेंढरांस्नी कदी पटकी हुती व्हय?"

किती शहाणं बोलली बाई! पण ऐकतो कोण? ओढ्याच्या वाळूत खड्डा उकरून त्यानं नितळ पाणी आणलं. बिचारी तहानेली होती, प्याली. तोही प्याला. त्याला काही झालं नाही, हेच त्याला जन्मभर सलत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिला ढाळ लागले. डोळे खोल गेले, आवाज बसला. "पानी द्या," ती पुटपुटली. बिरप्पा घागर घेऊन विहिरीकडं पळत सुटला. तो येईस्तोवर ती थंड पडली होती.

तिला माती देऊन परतला, तर मेंढरं तहानेनं ओरडत होती. विहिरीच्या पाण्यातला औषधाचा लाल रंग आता उतरला होता. त्यानं डोणीत तेच पाणी ओतलं. म्होरक्या मेंढीनं मुंडी घातली आणि ती घटाघटा प्यायला लागली.

बिरप्पा बघतच राहिला. मग तिच्या गळ्याला मिठी मारून तो ओक्साबोक्शी रडला. "आज पितीस व्हय गं? त्या दिशी नुसता औषदाचा वास आवडला न्हवता तुला? आन् मी माझ्या गोजाची घागर पालथी केली!"

मेंढीला काय कळणार? तिनं मान सोडवून घेतली आणि ती पुन्हा पाण्याला लागली.