पान एकशे चौदा

हमिदाने नवऱ्यापुढे हात टेकले त्याला तीसएक वर्षं झाली असतील. पण त्या मंगळवारी तिला ते नव्याने टेकावे लागले.

तिचा नवरा, शकूरभाई, सोळा वर्षं कपिल रोकडे वकिलांचे कारकून होते. पोशीरच्या चंदर रोकड्यांचा हा मुलगा कर्जत कोर्टासमोर टेबल टाकून बसला, तेव्हा त्याच्याकडे यायचे ते इतर वकिलांनी हाकलून दिलेले आरोपी. त्याने तेच धरले आणि एकेकाला सोडवून आणले. आज कर्जत, उद्या खालापूर, पुढे कपिलसाहेब आणि मागे दोन्ही काखांत फायली घेतलेले शकूरभाई. एकदा ईदच्या दुसऱ्या दिवशी तारीख लागली, तर घरात पाहुणे बसवून हा माणूस खालापूरला गेला. हमिदा ते अजून विसरलेली नाही.

साहेबांना कायदा तोंडपाठ, पण पानाचा आकडा कधी लक्षात राहायचा नाही. साक्षीदाराची उलटतपासणी रंगात आली की ते मागे न बघता डावा हात मागे करायचे. शकूरभाई त्या हातात नेमका कागद ठेवायचे आणि हळूच पान सांगायचे. रोकड्यांची जीभ पुढे उभी असते आणि डोकं मागे, अशी थट्टा खालापूरचे वकील करायचे. ही थट्टा शकूरभाईंनी हमिदाला जेवताना इतक्यांदा सांगितली होती, की थट्टा सुरू झाली की ती उठून आमटी गरम करायला जायची.

पुढे साहेब परीक्षा देऊन जिल्हा न्यायाधीश झाले. या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात करत वर चढले आणि आता वरच्या कोर्टात ज्येष्ठ न्यायमूर्ती होऊन बसले होते. कर्जत सोडताना त्यांनी शकूरभाईंना बजावलं होतं, की यापुढे भेटायला यायचं नाही, फोन करायचा नाही. शकूरभाईंनी तो जणू सत्कारच मानला. चौकातल्या लोकांना मात्र हे पटेना. तुमचा माणूस वर बसलाय म्हणत कुणी सातबारा घेऊन यायचं, कुणी धाब्याच्या परवान्याचं. एकजण तर शेजाऱ्याच्या मोरीचं पाणी अंगणात येतं म्हणून आला. शकूरभाई सगळ्यांना हात जोडायचे आणि हमिदा सगळ्यांना चहा करायची. मोठ्या माणसाच्या ओळखीचा तिला झालेला फायदा एवढाच, की साखर लवकर संपायची.

मग दोन वर्षांपूर्वी जावई झुहेब अडकला. हायवेवरच्या एका गॅरेजात मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं. झुहेब तिथे नव्हताच, पण एका साक्षीदाराने त्याचं नाव घेतलं आणि सात वर्षांची शिक्षा झाली. त्यांची लेक सिद्रा नेरळला एका दुकानात हिशेब बघत लहान मुलीला वाढवत होती. ती मुलगी बापाला फोटोत ओळखत होती.

अपील वरच्या कोर्टात गेलं. पनवेलची हर्षला नावाची तरुण वकील ते चालवत होती. फाइलची पानं मात्र शकूरभाईंनीच लावून दिली होती. सोमवारी संध्याकाळी शकूरभाईंनी मोबाइलवर दुसऱ्या दिवशीचं बोर्ड, म्हणजे कोर्टात लागणाऱ्या प्रकरणांची यादी, उघडलं आणि ते खुर्चीतच बसून राहिले. झुहेबचं प्रकरण कपिलसाहेबांपुढे लागलं होतं.

हमिदा म्हणाली, आताच्या आता मुंबईला जा, पाय धरा. शकूरभाईंनी तिला समजावलं, की साहेबांना हे नातं कळलं तर ते प्रकरण हातातही धरणार नाहीत, दुसऱ्याकडे पाठवतील आणि पुन्हा कित्येक महिने जातील. कागदावर झुहेबच्या बापाचं नाव आहे, सासऱ्याचं नाही. हर्षलाला या ओळखीचं काही माहीत नाही. सिद्रालाही सांगायचं नाही, ती सरळ साहेबांच्या दारात जाऊन उभी राहील.

"म्हंजे लपवायचं?" हमिदाने विचारलं.

"कुनी विचारलंच नाय, तर लपवलं कसं?" शकूरभाई म्हणाले, पण तिच्याकडे न बघता.

हमिदाचा संताप झाला. सोळा वर्षं ज्याच्या मागे उभं राहायचं, त्याचीच ओळख आता रोगासारखी झाकून ठेवायची. पण झुहेब सुटत असेल तर तिला तेही चालणार होतं.

हर्षलाने घरून बघण्यासाठी लिंक पाठवली होती. मंगळवारी मोबाइल बरणीला टेकवून दोघं बसली. कॅमेरा बंद, माइक बंद. पुकारा झाला. साहेब पडद्यावर दिसले, केस पांढरे झालेले. शकूरभाई स्टुलावर ताठ झाले. बोलणं इंग्रजीत चाललेलं आणि आवाज बारीक. काय म्हणतात ते हमिदा दर वाक्याला विचारत होती आणि हा माणूस तिला हाताने गप्प करत होता. शेवटी वैतागून तिने आवाज वाढवायला स्वतःच पडद्यावर दोन-तीन ठिकाणी बोट दाबलं.

तेवढ्यात साहेबांनी हर्षलाला विचारलं, या साक्षीदाराने उलटतपासणीत काय कबूल केलंय, ते कुठे आहे. तो साक्षीदार तिथे म्हणाला होता, की चेहरा दिसला नाही, नुसता शर्ट दिसला. अख्खं अपील त्या एका वाक्यावर उभं होतं. हर्षला पानं उलटू लागली. पुढे गेली, मागे आली. साहेब थांबले आणि त्यांचा डावा हात टेबलावरून सावकाश बाजूला झाला.

"पान एकशे चौदा, साहेब, खालून चौथी ओळ," शकूरभाई म्हणाले.

तो आवाज कोर्टात घुमून बरणीजवळच्या मोबाइलमधून परत आला. तेव्हा हमिदाला आपलं बोट आठवलं.

साहेबांनी एकशे चौदा पान उघडलं होतं. ते वाचताना ओठ मिटून त्यांनी हलकेच मान हलवली. मग ती मान तशीच थांबली.

"शकूर?"

फोन बंद करा, अशी हमिदाने जिवाच्या आकांताने खूण केली. शकूरभाई स्टुलावरून उठून उभे राहिले होते. कॅमेरा बंद असताना.

"जी, साहेब."

"या प्रकरणात तू कोण?"

"आरोपी जावय हाय माझा."

साहेबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ ते त्या पानाकडे बघत राहिले. मग फाइल मिटली. हे प्रकरण माझ्यापुढे ठेवू नये, असं त्यांनी सांगितलं आणि पुढचा पुकारा झाला.

हर्षलाचा फोन लगेच आला. ती जे बोलली ते शकूरभाईंनी मान खाली घालून ऐकलं. दुसऱ्या कोर्टापुढे यायला दिवाळी उलटेल, कदाचित त्याहून जास्त. फोन ठेवून ते म्हणाले, साहेबांनी बरोबरच केलं.

आता मात्र हमिदाचा तोल गेला. बरोबर केलं? त्यांनी बरोबर केलं, तुम्ही बरोबर केलं, आणि आत कोण बसलंय? घरात विचारलं तर भाजीत मीठ आहे की नाही सांगत नाही, आणि आज तोंड उघडायला सुचलं? खोटं बोलू नका, पण निदान गप्प तरी बसा. माइक कुणी चालू केला हेही शकूरभाईंनी विचारलं नाही, आणि त्यानेच ती जास्त चिडली.

मग सिद्राचा फोन आला. शकूरभाईंनी हात पुढे केला, पण हमिदाने फोन आधीच उचलला होता. तारीख पडली गं, ती म्हणाली, कोर्टाची कामं, दुसरं काय. पलीकडून सिद्रा म्हणाली,

"अम्मी, अब्बांच्या साहेबांपुढे लागलं असतं ना, तर आज सुटला असता."

शकूरभाईंना ते ऐकू गेलं होतं. हमिदाने त्यांच्याकडे पाठ केली आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हां गं," ती म्हणाली. "नशीबच नाय आपलं."