पहिल्या चार बाकांची कृपा

चर्चमध्ये उपासना सुरू व्हायच्या आधीच पहिल्या चार बाकांवर ढकलाढकली चालली होती. कानामागे यंत्र लावलेली म्हातारी माणसं, त्यांना हाताला धरून आणणाऱ्या लेकीसुना, दुसऱ्या मंडळ्यांतून आलेले पाहुणे, सगळ्यांना पुढेच बसायचं होतं. या चार बाकांत बहिऱ्यांना ऐकू येतं, अशी बातमी पसरली होती. पाचव्या बाकात येत नाही. देवाची कृपा बाकं मोजून थांबते, यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

या कृपेचा ठेकेदार होता आमचा साउंडवाला. स्पीकर, माइक, पडदा, सगळं त्यानेच पुरवलेलं. "मी व्यापारी नाही, मी सेवक," असं तो प्रत्येक बिलासोबत सांगायचा. उपासनेआधी तो एकेकाचं कानाचं यंत्र मागून घ्यायचा, दोन्ही मुठींत धरून डोळे मिटून पुटपुटायचा आणि परत कानात बसवायचा. "ऐका आता! स्वर्गाने तुमचं नाव घेतलंय!" पाळकसाहेब बोलू लागले की म्हातारी माणसं ढसाढसा रडायची. शब्द न् शब्द स्वच्छ! ज्यांना काहीच ऐकू येत नसे, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणायचा, "मावशी, विश्वास जरा कमी पडतोय." निघताना पुन्हा यंत्र मुठीत घेऊन आशीर्वादावर शिक्कामोर्तब करायचा.

मी मागे मिक्सरवर बसायचे. हॉलमधला आवाज कमीजास्त करणं एवढंच माझं काम. स्पीकर-माइकच्या यंत्रांचं कपाट मात्र कुलूपबंद, आणि किल्ली साउंडवाल्याच्या खिशात. मी किल्ली मागितली की पाळकसाहेब दुखावले जायचे.

"अहो ताई, एवढी सेवा करतो तो माणूस. संशय कशाला?"

आणि लगेच प्रवचन कशावर, तर देवाच्या मालमत्तेच्या विश्वासू कारभाऱ्यांवर. कारभारी म्हणे आम्ही!

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण तिसऱ्या बाकात माझी भाची बसायची, पाच वर्षांची. तिच्याही कानामागे यंत्र होतं, तरी तिचं ऐकणं दिवसेंदिवस कमी होत होतं. कानाच्या आत कायमचं यंत्र बसवण्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "हिचं बोलायला शिकायचं वय निघून चाललंय. उशीर करू नका." आणि एका रविवारी ती पाळकसाहेबांच्या मागोमाग शब्द म्हणू लागली. दुसऱ्या दिवशी दादाने तारीख रद्द केली.

"दादा, अरे, एकदा डॉक्टरांना विचार तरी."

"काय विचारू? देव देतोय ते पुरत नाही, हिचं डोकं चिरा, म्हणून सांगू?"

"घरी ऐकू येतं का तिला?"

"येईल. सुरुवात तर झाली ना?"

वहिनी ओट्यापाशी उभी होती. ती वळून म्हणाली, "मला एक कळत नाही, वन्सं. तिथे पाळकसाहेबांचं सगळं ऐकते, पण मी कानाशी तोंड नेऊन बोलले तरी ढिम्म. चर्चमध्ये आई मुकी होते, असं म्हणते."

"तिथे देवाचंच ऐकायचं असतं," दादा म्हणाला. सख्ख्या भावाचा इतका राग मला कधी आला नव्हता.

काही आठवड्यांनी, रविवारच्या उपासनेनंतर सभा होती. चर्चची सगळी यंत्रं यापुढे याच माणसाकडून घ्यायची, असा ठराव होता. त्याआधी साउंडवाल्याने कॉलरला माइक लावून साक्ष दिली, डोळे पुसले, आणि मतदानापुरता मागच्या खोलीत गेला. तो व्यासपीठावरून उतरताच मी सवयीने हॉलचा आवाज बंद केला. सगळ्यांनी मूक प्रार्थनेसाठी माना खाली घातल्या.

त्या शांततेत माझी भाची मोठ्याने म्हणाली, "कार्पेट धुवायला काढू नका."

वहिनीने तिच्या तोंडावर हात ठेवला. पोरीने तो बाजूला केला. तिला वाटलं, नेहमीसारखं मागोमाग म्हणायचंय.

"खाली वायर आहे," ती आनंदाने ओरडली. "बटण दाबलं की म्हातारे रडतात!"

मागच्या खोलीत साउंडवाला फोनवर भागीदाराशी बोलत होता. कॉलरचा माइक काढायला विसरला होता; मिक्सरवर त्याचा दिवा लुकलुकत होता. हॉलमध्ये त्याचा आवाज मी बंद केला होता, तरी पोरीच्या कानात तो जात होता, म्हणजे माझ्या मिक्सरला बगल देणारी दुसरी वाट होती. मी धावत पुढे गेले आणि कार्पेटची कड उचलली. चारही बाकांना वेढा घालून एक वायर गेली होती, थेट त्या कपाटात.

मी स्क्रूड्रायव्हरने कडी उचकटायला घेतली, तसा साउंडवाला धावत आला. "ताई, हात लावू नका! वॉरंटी जाईल!"

"चमत्काराची?" मी विचारलं आणि कडी मोडली.

आत एक छोटं यंत्र होतं. माइकचा आवाज ते त्या वायरीत सोडत होतं. कानाच्या बऱ्याच यंत्रांत एक बारीक गुंडाळी असते. बटण दाबलं की ती अशा वायरीच्या वेढ्यातला आवाज थेट पकडते, आणि आजूबाजूचं सगळं बंद होतं. मुठीतली प्रार्थना म्हणजे ते बटण होतं. ज्यांच्या यंत्रात गुंडाळीच नव्हती, त्यांचा विश्वास कमी पडत होता. कितीतरी नाट्यगृहांत ही सोय असते, दारावर कानाचं चित्र लावून. तिथे कुणी गुडघे टेकत नाही. याने सरळ सांगून बसवली असती, तर आम्ही त्याचे आभार मानले असते.

मी पोरीच्या यंत्राचं बटण दाबलं आणि हाक मारली. तिने दचकून माझ्याकडे पाहिलं.

"देव वायरीतूनही काम करतो!" साउंडवाला अजून हात वर करून सांगत होता.

पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्या शिंपीकाकांनी यंत्र काढून खिशात टाकलं. "फोनवरचं मीही ऐकलं," ते हळूच म्हणाले. "पण बोलायचं नव्हतं मला. इतक्या वर्षांनी ऐकू येत होतं गं."

ठराव नापास झाला नाही, पुढे ढकलला गेला. पाळकसाहेबांनी साउंडवाल्याला क्षमा केली. मला पाहून मात्र अजून काहीजण तोंड फिरवतात. कडी मी मोडली ना!

दादा सोमवारी दवाखान्यात पळाला. पोरीची तारीख दुसऱ्या मुलाला गेली होती. नवी मिळाली ती फार पुढची. होतं तेवढंही आता ऐकू येईना तिला. परवा ती "पाणी" हा शब्द विसरली आणि पेल्याकडे बोट दाखवून रडली.

मीही प्रार्थना करते, तुम्हीही करा. पण तुमच्याच पैशाने घेतलेलं कपाट उघडून दाखवायला जो नाही म्हणतो, त्याच्या तोंडी देवाचं नाव असलं तरी कपाट उघडाच. आणि लेकराच्या दुखण्यावरचा इलाज डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. दादाने तेवढं विचारलं असतं, तर पोरीला आज पाणी मागता आलं असतं.