कामावरचं खाणं

बिस्किटांच्या कारखान्यात त्याला सगळे 'जीभ' म्हणत आणि तो मुकाट्यानं ओ देई. गेली बावीस वर्षं लोण्याच्या बिस्किटांची चव बघणं ही त्याची नोकरी. बाकीच्यांनी हाडं झिजवली, यानं पोट वाढवलं.

दोघांच्या रक्ताचे रिपोर्ट आले तेव्हा बायकोनं त्याच्या कोलेस्टेरॉलचा आकडा मोठ्यानं वाचला आणि मटकन खाली बसली. त्याचे वडील बावन्नाव्या वर्षी भरल्या ताटावर गेले होते. हा एक्कावन्नचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीन महिने खाणं सांभाळा, नाहीतर गोळ्या सुरू करू.

त्या दिवसापासून स्वयंपाकघराचा गोठा झाला. सकाळी ओट्स, डब्यात उकडलेला पाला, रात्री इसबगोल. जवसाची पूड तर दिसेल त्यावर पडे. तो जरा वेळ स्वस्थ बसला असता तर त्याच्यावरही पडली असती. वर लसणाच्या आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूल. त्यांच्या ढेकरांनी त्याला नको नको झालं. पण त्याला एकट्याला शिक्षा नको म्हणून बायकोही तेच खात होती, त्यामुळे कुरकुरायची सोय नव्हती.

तीन महिन्यांनी दोघांनी पुन्हा तपासायला रक्त दिलं. बायकोचा आकडा झकास उतरला. याचा चढला होता.

"चोरून काय हादडता?" बायकोनं दवाखान्यातच विचारलं.

"तुझी शप्पथ, बाहेरचा कणही तोंडात घातला नाही."

त्याला ते अगदी मनापासून खरं वाटत होतं. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काम काय करता?"

"बिस्किटांची चव बघतो."

"रोज किती?"

"होतात चाळीसेक. पण ते खाणं नव्हे हो, ती ड्यूटी आहे."

बायकोनं कपाळावर हात मारला. "आणि मी तीन महिने गवत चघळलं!" एवढं म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

"चावा आणि थुंका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चव जिभेला कळते, पोटाला नाही."

त्यांना बोलायला काय जातंय! कारखान्यात रीत अशी की त्यानं गिळलं तर बॅच पास, थुंकलं तर अख्खी बॅच कचऱ्यात. आजवर तो चारदाच थुंकला होता, आणि चारही वेळा भट्टीवाल्यानं आठवडाभर अबोला धरला होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं पहिलं बिस्कीट चावलं. खुसखुशीत, सुरेख. डोळे मिटून त्यानं ते वाडग्यात थुंकलं.

भट्टीवाल्यानं धावत जाऊन भट्टी बंद केली. पॅकिंगचा पट्टा थांबला. सगळे माना वळवून बघायला लागले.

"काय बिघडलं, भाऊ? मीठ?"

"काही नाही. फक्कड झालंय."

"मग थुंकलात कशाला? बावीस वर्षं तुमच्या गळ्याकडे बघून मी भट्टी चालवतोय!"

त्याला काहीतरी थाप मारायची होती. पण आयुष्यात पहिल्यांदाच त्याला खरीखुरी भीती वाटली आणि थाप सुचेना.

"बॅच पास आहे रे. नापास मी झालोय. मला इतक्यात मरायचं नाही."

भट्टीवाल्यानं भट्टी पेटवली, हात पुसले, दुसरं बिस्कीट आणून त्याच्या हातात दिलं. मग वाडगा उचलून स्वतःच त्याच्या हनुवटीखाली धरला.

"थुंका," तो म्हणाला.