शेवटच्या थांब्यावरचं घर

"तुमची राहणी कशी, ते आधी सांगा काकू. राहणीवर घर ठरतं," एजंट म्हणाला.

"शांत," काकूंनी एका दमात सांगून टाकलं.

नवऱ्याने खिडकीबाहेर पाहिलं. त्याने जन्मभर शहरात बस हाकली होती. त्याच्यापायी सगळी गल्ली बायकोला ड्रायव्हरीणकाकू म्हणायची. निवृत्तीनंतर समुद्रकाठी राहायचं, यावर दोघांचं एकमत होतं. फक्त कुठे, ते ठरत नव्हतं.

बंदराजवळचं घर वासापायी बाद झालं. दुसरं होतं बसच्या शेवटच्या थांब्यावर, माडीवर. खिडकीखाली बसगाड्या वळत होत्या आणि पलीकडे समुद्र. नवऱ्याने खुर्ची ओढली आणि खालच्या ड्रायव्हरला, ऐकू जात नसताना, सूचना सुरू केल्या, "घे मागे... येऊ दे... अरे आरसा बघ, गाढवा!"

"उठा!" काकू कडाडल्या. "जन्म गेला त्या घरघराटात. आता पुरे."

तिसरं घर टेकडीवर, गल्लीच्या टोकाला. नवरा कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "इथे गाडी वळवायची कुठे?"

"आहे का गाडी आपल्याकडे?"

तो ओशाळून हसला. घरमालक भला माणूस. म्हणाला, आठवडाभर राहून बघा, मग सह्या करू.

आणि पाहा, माणसाचा जीव कसा असतो! ज्याला करमणार नाही म्हणून काकूंना घोर लागला होता, तो पहिल्याच दुपारी लेकरासारखा झोपला. त्याने शर्ट खुंटीला लावले, कुंडीत पुदिना खोचला. काकूंना मात्र चैन पडेना. पुसलेलं फडताळ पुन्हा पुसायचं, फाटकापर्यंत जायचं, उगाच परत यायचं. ट्रंक तशीच बंद.

एका संध्याकाळी जेवण तयार होतं. नवरा ताटाशी बसलेला. काकू झाकण हातात धरून ओट्याशी उभ्या.

"अगं, वाढतेस ना?"

"येऊ द्या की आधी."

"कोणाला येऊ दे?"

काकूंच्या हातातलं झाकण ओट्यावर पडलं. नोकरीत असताना शेवटची फेरी संपली की तो बस आगारात नेताना घराच्या कोपऱ्यावर दोनदा ब्रेक दाबायचा. कर्र, कर्र. आलोच, एवढाच निरोप. तो कानावर पडला की काकू चूल पेटवायच्या, तोवर घास घशाखाली उतरायचा नाही. देवाने डोळ्यांना पापणी दिली, कानांना झाकण दिलं नाही. त्याचं तो जाणे. पण समोर नवरा बसलेला असूनही त्यांचा कान रस्त्यावरच होता.

"मी आलोय गं," तो हळूच म्हणाला.

"कळतंय मला. कानाला कोण सांगणार?"

सकाळी एजंट कागद घेऊन हजर. काकू म्हणाल्या, "थांब्यावरचं घर गेलं का रे?"

"ते? ते कोण घेणार? पण काकू, तुमची राहणी शांत..."

"खोटं बोलले. आमची राहणी म्हणजे वाट बघणं."

नवऱ्याचा चेहरा उतरला. "मला इथे झोप लागायला लागली होती."

हे काकूंच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग पदराने हात पुसत म्हणाल्या, "तिथली मागची खोली तुमची. दार जाड आहे, बघितलंय मी. खिडकीची खोली माझी. पटतंय का? नाहीतर राहू इथेच, मी रडणार नाही."

"रडणार नाहीस, फाटकाशी उभी राहशील." त्याने पुदिन्याची कुंडी उचलली. "चल."

नव्या घरात त्यांनी त्याच दिवशी ट्रंक उघडली. संध्याकाळी खाली ब्रेक कर्रकन वाजला. काकू उठल्या, ताट वाढलं आणि समोर बसून दोन घास खाल्ले. इतक्या दिवसांनी अन्नाला चव आली.

तेवढ्यात दुसरी बस आली. ब्रेक वाजला. काकू अर्ध्या उठल्या.

"आता कोणाला वाढतेस?" नवरा हसत म्हणाला. "बस खाली. इथे रात्रीपर्यंत गाड्या येतात."

काकू बसल्या. पण एक पाय उठायच्या तयारीतच राहिला.