पेटीतली शिट्टी

ढोल्याने अँप्लिफायर परत आणून दिला आणि त्याच आठवड्यापासून मिस्त्रींच्या घरातली शांतता गेली.

मिस्त्री फर्निचरच्या कारखान्यात मोठ्या करवतीच्या मशीनवर होते. उभी हयात त्या मशीनसमोर गेलेली. संध्याकाळी अंगावरचा भुसा झटकायचा, चहा घ्यायचा आणि गिटार मांडीवर ओढायची, हा त्यांचा शिरस्ता. त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ ड्रम वाजवायचा. अंगाने काडीसारखा, पण ड्रममुळे सगळे त्याला ढोल्या म्हणत. बेस गिटारवर कोपऱ्यावरचा बेकरीवाला, आणि गायला पोस्टात काम करणाऱ्या एक बाई. त्या सगळ्यांच्याच पोस्टाच्या ताई. असा चौघांचा बँड. कुणाचा वाढदिवस, कुणाच्या निवृत्तीचा समारंभ, एखाद्या हॉटेलातली शनिवारची संध्याकाळ, अशी कामं मिळत. पोट कुणाचंच त्यावर नव्हतं, जीव मात्र चौघांचाही होता.

अँप्लिफायर जुना, ट्रान्झिस्टरचा. काळं रेक्झिन, झिजलेले कोपरे, आणि उचलायला दोन माणसं लागावीत असं वजन. घरात त्याला पेटीच म्हणत. "जुन्या काचेच्या वाल्वचा नाही वाटतं?" असं कुणी नाक मुरडून विचारलं, की मिस्त्री म्हणत, "तुमचा वाल्व तापेपर्यंत माझं एक गाणं वाजवून होतं." पेटीची निगा ते स्वतः राखत. अधूनमधून मागची फळी काढायची, ब्रशने धूळ झाडायची, आवाजाच्या बटणांच्या पोटात क्लीनरचा फवारा मारून ती चारदा इकडेतिकडे फिरवायची, म्हणजे खरखर जाते. तळाशी लांब स्प्रिंगांचा एक डबा होता. त्याने आवाजाला मोठ्या हॉलमध्ये वाजवल्यासारखा घुमारा यायचा. चालताना कुणाचा पाय पेटीला लागला की आतून गडगडाट व्हायचा आणि मिस्त्री कळवळून ओरडायचे, "अरे, लागलं ना तिला!"

ढोल्या ज्या गोदामात कामाला होता तिथल्या लोकांचं संमेलन होतं. त्यासाठी त्याने पेटी मागितली आणि मिस्त्रींनी एका शब्दात दिली. ती परत आल्यावर त्यांनी गिटारची वायर लावली, एक कॉर्ड छेडला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"हिचा आवाज बसलाय," ते बायकोला म्हणाले. "गोधडीत गुंडाळून वाजवल्यासारखा येतोय. आणि ही बारीक शिट्टी ऐकतेस का? सारखी चालू आहे."

बायको शिलाई मशीनवर शाळेचे गणवेश शिवत होती. तिने पाय थांबवून कान दिला. "मला तर नेहमीसारखीच वाटतेय."

"तुला शिट्टी ऐकू येत नाही?"

"नाही हो."

"मशीनवर बसून बसून तुझे कान गेलेत," मिस्त्री म्हणाले आणि स्क्रू-ड्रायव्हर शोधायला उठले.

पेटी उघडल्यावर दोष सापडले नाहीत असं नाही. एक कपॅसिटर डोक्यावर फुगला होता. वायर लावायच्या जागेजवळ सोल्डरला बारीक चीर गेली होती. जुन्या यंत्रात शोधायला बसलं की काही ना काही सापडतंच. मिस्त्रींनी कपॅसिटर बदलला, चीर डागली, बटणं धुतली. पेटीची घुरघुर कमी झाली. पण शिट्टी तशीच राहिली, आणि आवाजातली ती जुनी धार, तारेवर नख घासलं तरी कळणारी, ती काही परत आली नाही.

मग त्यांनी ढोल्याला गाठलं.

"खरं सांग, दुसरा स्पीकर जोडला होतास का हिला?"

"नाही भाऊजी. होती तशी नेली, होती तशी आणली."

"मग तिथे कुणी पूर्ण आवाजावर ठेवली असेल."

"मी समोरच बसलो होतो की. कुणी हातसुद्धा लावला नाही."

मिस्त्रींना ते पटलं नाही. पुढच्या सरावाला त्यांनी ट्रेबलचं, म्हणजे वरच्या सुरांचं, बटण शेवटपर्यंत नेऊन ठेवलं. सराव बेकरीच्या मागच्या खोलीत व्हायचा, पिठाच्या पोत्यांमध्ये. पहिलंच गाणं सुरू झालं आणि पोस्टाच्या ताईंनी अर्ध्यातच हात वर केला.

"जरा कमी करा ना. दाताला कळ लागतेय."

"कमी? अहो, काही येतच नाहीये!"

"काचेवर खिळा ओढल्यासारखं येतंय," बेकरीवाला म्हणाला. "मी तर या बाजूला सरकलो."

मिस्त्रींना वाटलं, सगळे मिळून आपली थट्टा करतायत. त्यांनी ढोल्याकडे पाहिलं. तो ड्रमची पट्टी आवळत होता, मान खाली घालून. तेवढं त्यांना पुरलं.

"याला माहीत आहे काय झालंय ते! स्पीकर बदललायस तू माझा. मूळचा फाटला म्हणून कुठलातरी आणून बसवलास आणि वर साळसूदपणे परत दिलीस!"

ढोल्याने काठ्या पिशवीत भरल्या.

"भाऊजी, स्पीकरवर तुमच्याच हातची खूण असेल ना? बघून घ्या."

"खूण काय, कुणीही करतं."

ढोल्या उठला आणि निघून गेला. त्यानंतर तो ना सरावाला आला, ना बहिणीच्या घरी. दोन कार्यक्रम सोडून द्यावे लागले. पोस्टाच्या ताईंनी समजूत काढून पाहिली, मिस्त्री म्हणाले, "त्याने कबूल करावं, मी काही त्याला खाणार नाही."

बायकोची मात्र दोन्हीकडून ओढाताण झाली. भावाशी ती फोनवर बोलायची, पण आडून, मोरीत जाऊन. घरात बोलणं कमी झालं, आणि जे व्हायचं त्याचं भांडण व्हायचं.

"तोंडातल्या तोंडात का बोलतेस?" मिस्त्री विचारायचे.

"नीट तर बोलतेय."

"मग मोठ्याने बोल. राग भावाचा आणि काढतेस माझ्यावर."

ती पुन्हा सांगायच्या भानगडीत पडायची नाही. मशीन चालू करायची.

एका रविवारी ती मैत्रिणीकडे गेली होती. मिस्त्री दुपारी पेटी उघडून बसले. लहान स्क्रू आणि वॉशर कागदावर मांडले होते, ते उडू नयेत म्हणून पंखा बंद केला. दारं-खिडक्या लावल्या. आज शिट्टीचा माग काढायचाच. त्यांनी आवाजाचं बटण शून्यावर नेलं. शिट्टी होतीच. घुमाऱ्याच्या स्प्रिंगांच्या वायरी काढल्या, तरी होती. मग त्यांना मागच्या बाजूची एक चिप बदलायची होती, म्हणून त्यांनी पेटी बंद केली, भिंतीतून प्लग उपसला आणि आतला साठलेला करंट उतरेपर्यंत हात न लावता बसून राहिले.

शिट्टी चालूच होती.

प्रथम त्यांच्या ते ध्यानातच आलं नाही. मग त्यांनी हातातल्या प्लगकडे पाहिलं. मोठ्या कपॅसिटरमध्ये अजून काही उरलं असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. आणखी वाट पाहिली. मीटर लावून पाहिला. काटा हलला नाही. स्पीकरच्या दोन्ही वायरी उपटून काढल्या. आता त्या पेटीत आवाज करू शकेल असं काहीही उरलं नव्हतं, आणि शिट्टी तेवढीच बारीक, तेवढीच लांब, चालू होती.

त्यांनी फ्रीजचा प्लग काढला. विजेच्या मीटरच्या डब्याला कान लावला. जिन्यात गेले, खाली रस्त्यावर गेले. रस्त्यावर गाड्या होत्या, माणसं होती, तेवढ्यापुरती शिट्टी दबली. परत वर येऊन दार लावलं, तर ती तिथेच होती. मग त्यांनी दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबले, आणि बाहेरचं सगळं गेलं. शिट्टी तेवढी मोठी झाली.

मिस्त्री खुर्चीत बसले. बायको परत आली तेव्हा अंधार पडत आला होता, दिवा लावलेला नव्हता आणि पेटीचे भाग जमिनीवर तसेच पसरलेले होते.

"काय झालं हो?"

"पेटीत काही नाहीये," मिस्त्री म्हणाले. "माझ्यात आहे."

तिला आधी कळलं नाही. त्यांनी सगळं सांगितलं तेव्हा ती समोर जमिनीवरच बसली. तिला रडू आलं, पण मिस्त्रींना वाटलं तशा कारणाने नव्हे.

"मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम ऐकत नाही," ती म्हणाली. "किती दिवस मी हेच धरून बसलेय. बोलायला गेलं की तुम्ही मान फिरवता, म्हणजे आता नको झालेय मी तुम्हाला."

रुग्णालयात कानाची तपासणी झाली. जाड दाराच्या एका खोक्यासारख्या खोलीत त्यांना बसवलं, कानांवर हेडफोन दिले, हातात बटण. आवाज ऐकू आला की दाबायचं. काचेपलीकडे तपासणारी मुलगी बसली होती. सुरुवातीला मिस्त्री भराभर बटण दाबत होते. मग आवाज येईनासे झाले. त्यांना वाटलं, थांबली असेल ती. म्हणून त्यांनी वर पाहिलं, तर तिचा हात चालू होता. ती एक खटका फिरवत होती, त्यांच्याकडे बघत होती, पुन्हा फिरवत होती. ती आवाज देत होती आणि त्यांच्यापर्यंत काहीच पोहोचत नव्हतं. त्यांनी एकदा नुसतंच बटण दाबलं. मुलीने हळूच, नाही म्हणून, मान हलवली.

डॉक्टर स्पष्ट बोलल्या. वरच्या पट्टीतलं ऐकणं हळूहळू बरंच गेलंय, लक्षात आत्ता आलंय, ते परत येणार नाही. करवतीचं मशीन कारण, आणि इतकी वर्षं ड्रमच्या थाळ्या कानाशी, हेही आहेच. शिट्टी त्याच्यासोबतची. "गेलेलं आणता येत नाही," त्या म्हणाल्या, "पण उरलेलं राखा. मशीनवर कान झाकल्याशिवाय उभं राहायचं नाही. वाजवतानासुद्धा कानात बोळे हवेत. आणि ऐकायचं यंत्र लावून बघा."

"वाजवलेलं चालेल?"

"झाकून वाजवलेलं चालेल."

बाहेर पडल्यावर बायकोला वाटलं घरी जायचं. मिस्त्री म्हणाले, "तू पुढे हो. मी तुझ्या भावाकडे जाऊन येतो."

ढोल्याने दार उघडलं, पण आत या म्हणाला नाही. मिस्त्रींनी उंबऱ्यातच सांगितलं: स्पीकर मूळचाच आहे, शिट्टी माझ्या डोक्यात आहे, मी तुला चारचौघांत चोर ठरवलं, माझं चुकलं.

ढोल्याने दारावरचा हात काढला नाही.

"तुम्हाला माहितीये भाऊजी, मी गोदामात एकेकाला जाऊन विचारलं. पेटीला हात लावलात का, पाडली का, कुणी काही जोडलं का. लोक वैतागले माझ्यावर. शेवटी मलाच वाटायला लागलं, आपल्याच हातून काहीतरी झालं असणार, आपल्याला आठवत नाहीये. रात्ररात्र तेच. तुमच्यावर विश्वास होता ना माझा. आवाजाच्या बाबतीत तुम्ही चुकाल, हे डोक्यातच आलं नाही."

मिस्त्रींना यातले काही शब्द ऐकू आले नाहीत. पुन्हा सांग म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही. पण सूर त्यांना बरोबर कळला.

"सरावाला येशील?"

"बघतो," ढोल्या म्हणाला. "ताईला सांगा, उद्या येऊन जाईन." बहिणीसाठी येईन, एवढंच ते होतं. मिस्त्रींनी मान हलवली आणि जिना उतरले.

कारखान्यात त्यांनी मशीन सोडून पॉलिशच्या खोलीत काम मागून घेतलं. मालकाने खळखळ केली, मग दिलं. निजताना शिट्टी फार छळायची. पंखा मोठा ठेवला की थोडं बरं वाटायचं. ऐकायचं यंत्र लावलं की बायकोचं बोलणं कळायचं, पण गिटार त्यातून पत्र्यासारखी वाजायची, म्हणून वाजवताना ते काढून ठेवावं लागे.

काही आठवड्यांनी ढोल्या सरावाला आला. मिस्त्रींशी कामापुरतं बोलला. ड्रम त्याने स्वतःहून खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला लावले, आणि का ते कुणी विचारलं नाही. मिस्त्रींनी कानात बोळे घातले आणि पेटीसमोरून बाजूला झाले.

"ताई, तुम्ही लावा," ते म्हणाले. "मला यातलं कळत नाही आता."

पोस्टाच्या ताई अवघडल्या. त्यांनी ट्रेबलचं बटण हळूहळू मागे आणलं, अर्ध्याच्याही खाली. मिस्त्री एकेक कॉर्ड वाजवत होते आणि प्रत्येक वेळी आवाज त्यांच्यापासून आणखी दूर जात होता.

"बस," बेकरीवाला म्हणाला. "आता छान येतेय. पूर्वीसारखी."

मिस्त्रींना पूर्वीसारखं काहीच येत नव्हतं. खालच्या तारा तेवढ्या लागत होत्या, वरच्या दोन जणू नव्हत्याच. बोटांना कळत होतं म्हणून त्या होत्या. त्यांचा हात बटणाकडे गेला. मग त्यांनी तो मागे घेतला.

"नक्की?" त्यांनी ढोल्याला विचारलं.

ढोल्याने मान वर केली. "नक्की," तो म्हणाला, मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करून. आणि काठ्यांवर ताल मोजायला लागला.