नकाशात न आलेली बोडी

कुडव्याची ओमेश्वरी बिसेन नागपूरला भूगोलात एम.ए. करत होती. २००९ साली तिच्या विभागात संगणकावर नकाशे करण्याचा नवा विषय सुरू झाला आणि ती त्यात रमूनच गेली. उपग्रहाने ऑक्टोबरात टिपलेल्या चित्रावरून तिने मावशीच्या गावाचा, केशोरीच्या आसपासचा नकाशा केला. त्या चित्रात पाणी काळं दिसायचं आणि हिरवळ लाल. काळं ते तलाव, गडद लाल ते जंगल, फिकट लाल ते धान नाहीतर गवत. विषय शिकवणाऱ्या मॅडमनी नकाशा पाहिला, "छान झालाय" म्हणाल्या आणि तीस ठिकाणांची यादी तिच्या हातात ठेवली. "आता इथे स्वतः जाऊन बघ. ठिकाणं संगणकाने निवडलीत, बदलायची नाहीत."

डिसेंबरात ती जीपीएस यंत्र घेऊन केशोरीला मावशीकडे उतरली. तीन दिवस पायपीट केली. तेवीस ठिकाणं जशीच्या तशी जुळली आणि तिला जरा गर्वच वाटू लागला.

चोविसाव्या जागी नकाशात गवत होतं. कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांमधून चालताना समोर मातीची उंच पाळ आली. ती वर चढली, तर पलीकडे कमळाची पानंच पानं, पार टोकापर्यंत. तिने यंत्राची बॅटरी काढून परत घातली. आकडे तेच.

पाळीवरची झुडपं तोडत असलेला एक म्हातारा कुऱ्हाड टेकून उभा राहिला.

"काऊन वो पोरी, रस्ता चुकली का?"

"नाही काकाजी. इथं गवत असाले पाहिजे होतं."

म्हाताऱ्याचं नाव ताराचंद. कोहळी होता, पिढ्यानपिढ्या तळी आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, बांधणाऱ्या घरातला. तो मनापासून हसला. "गवत? माझ्या आज्याच्या आज्यानं बांधली ही बोडी. उतरून त पाह, कमरेएवढं पाणी हाये."

"पण पाणी दिसूनच नाही राहिलं."

"वरून पाहशील त कसं दिसंल? पानं हायेत ना! माघात ये. थंडीनं पानं सडतेत, मंग सारं पाणी उघडं पडते."

पाळीच्या मागे तीनशे पावलांवर खरंच गवताचा एक पट्टा होता. चोविसाव्या जागेचे म्हणून तिथलेच आकडे लिहिले तर कुणाला कळणार होतं? ओमेश्वरी तिथे गेली, आकडे वहीत उतरवलेही. संध्याकाळी मावशीच्या ओसरीवर बसली, तरी ती ओळ काही तिला स्वस्थ बसू देईना. शेवटी तिने ती खोडली आणि खाली लिहिलं: 'नकाशात गवत, जागेवर बोडी.' दुसऱ्या दिवशी आणखी एक बोडी तशीच निघाली.

नागपूरला परतल्यावर तिने दोन्ही चुका स्वतःहून सांगितल्या. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "का चुकलं?"

तिने ताराचंदचं बोलणं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "मग माघातलं, फेब्रुवारीचं चित्र मागवू या."

ते चित्र आलं. तिने दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली आणि जिथे आधी लाल होतं तिथे काळे ठिपके उमटले. एक, दोन करत सात बोड्या नव्याने सापडल्या. संगणकाच्या खोलीत ती एकटीच मोठ्याने हसली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती छापलेला नकाशा घेऊन ताराचंदच्या घरी गेली. त्याची बायको सुभद्राबाई चहा ठेवायला आत गेली. म्हाताऱ्याने नकाशा बराच वेळ न्याहाळला, मग उलटा फिरवला, आपल्या घराची बाजू स्वतःकडे करून घेतली. आता त्याचं बोट सरसर फिरू लागलं. तिने ज्यांना नुसते नंबर दिले होते, त्या बोड्यांची नावं तो एकामागून एक सांगत गेला.

एका जागी बोट थांबलं. "हे चुकलं वो. ह्या दोन बोड्या हायेत, मंधात पाळ हाये."

"खरंच?"

"चहा पे, मंग दाखवतो."

ओमेश्वरीने त्या जागेवर पेन्सिलीने गोल केला. चहा झाल्यावर दोघंही उन्हातच पाळीकडे निघाली.