सिस्टर कोण?

केसरीनाथ डॉक्टरांच्या नर्सिंग होममध्ये जमिला आली तेव्हा तिथे फरशीसुद्धा बसायची होती. आली होती बाळंतिणींचे कपडे धुवायला, आणि बघता बघता इंजेक्शनं द्यायला लागली. शिकली कुठे म्हणाल, तर डॉक्टरांच्या हाताखाली. "पेशंटांसमोर तुला सिस्टर म्हणतो, त्यांना जरा धीर येतो," असं डॉक्टरच एकदा म्हणाले, आणि ते नाव तिला असं चिकटलं की बाजारात भाजीवालाही तिला सिस्टरच म्हणायचा. घरी ती कुणाची खाला होती, कुणाची भाभी. पण कानाला गोड लागायचं ते हेच.

मग नोंदणीची तपासणी होणार असं कळलं. नियम तसा जुनाच होता, इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं एवढंच. शिकलेली नर्स हवी, नाहीतर कुलूप. डॉक्टरांनी सरूला आणलं. वज्रेश्वरीच्या पलीकडच्या पाड्यावरची पोर, आश्रमशाळेत वाढलेली, नर्सिंगचा कोर्स पुरा केलेली, अंगाने काडी. तिचं सर्टिफिकेट डॉक्टरांनी फ्रेम करून आपल्या डिग्रीशेजारी टांगलं आणि म्हणाले, "जमिला, आता सिस्टर हिला म्हणायचं. तू मावशी."

जमिलाच्या अंगाचा तिळपापड झाला. भिंतीवरच्या काचा पुसायचं काम तिचंच. डॉक्टरांची काच ती लख्ख करायची, आणि सरूच्या काचेवरून फडकं असं फिरवायची की धूळ इकडची तिकडे. सरूची पांढरी टोपी तर तिच्या डोळ्यांत सलायची. एकदा आसपास कुणी नाही बघून तिने ती डोक्यावर ठेवून पाहिली. छान दिसत होती, आणि त्याचंच तिला जास्त लागलं.

उघड भांडणाऱ्यातली ती नव्हती. नवा पेशंट आला की हळूच सांगायची, "काय लागलं तर मना हाक मारा, सिस्टर म्हणून. ती पोर हाय ना, तिला खाटेखालचं भांडं उचलायला सांगा." आणि सरू मुकाट्याने भांडं उचलायची. चिडली असती तर निदान चार शब्द सुनावता आले असते. ती सोयही त्या पोरीने ठेवली नव्हती.

तपासणीच्या दिवशी सकाळीच जमिलाने सरूची टोपी धुण्यात टाकली. मिरवू दे आता साहेबापुढे. डॉक्टर दापोड्याला पेशंट बघायला गेले होते आणि साहेब नेमके तेव्हाच आले. भिंतीवरचं सर्टिफिकेट वाचून ते वॉर्डात शिरले. पहिल्याच खाटेवर कोन गावची ठकुबाई होती.

"इथली सिस्टर कोण?" त्यांनी तिला विचारलं.

"ही काय, जमिला सिस्टर. लय मायेची हाय."

"आणि ती?" साहेबांनी भांडं घेऊन चाललेल्या सरूकडे बोट केलं.

"ती व्हय? ती भांडी उचलते."

पलीकडच्या खाटेवरच्या जुबैदानेही मान डोलावली. जमिलाचं काळीज सुपाएवढं झालं.

"तुमचं शिक्षण किती, बाई?" साहेबांनी जमिलाला विचारलं.

"चौथी."

"म्हणजे भिंतीवरचं सर्टिफिकेट भाड्याचं. नाव एकीचं, काम दुसरीचं. असली दुकानं आम्ही बंद करतो."

सरूने भांडं खाली ठेवलं. "साहेब, सर्टिफिकेट माझं हाय. मीच सरू."

"असं सगळीकडेच कुणीतरी पढवून उभं केलेलं असतं. इथले पेशंट तर तुम्हाला ओळखत नाहीत."

"मग ह्यांना इचारा," सरू म्हणाली. "ह्या पयल्यापासून हायत."

सगळे जमिलाकडे बघायला लागले. काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं. टोपी गेली असती, सर्टिफिकेट गेलं असतं, ही काडीही परत पाड्यावर गेली असती. क्षणभर तिला ते फार आवडलं. मग तिने वॉर्डावरून नजर फिरवली. ठकुबाईचे टाके अजून निघायचे होते. आणि दाराला कुलूप लागल्यावर सिस्टर म्हणून हाक मारायला उरणार तरी कोण होतं?

"सिस्टर ती," जमिला म्हणाली. तोंडात कडू गोळी फुटावी तसं झालं तिला. "मी मावशी हाय. पेशंटांना मीच उलटं सांगितलेलं. हिची टोपीपण मीच धुवायला टाकली."

दोरीवरची टोपी तिनेच काढून आणली. सरूने ती ओलीच पिना लावून बसवली. कपाळावरून पाणी ओघळत असताना तिने साहेबांना एकेक खाट दाखवली, कुणाला काय झालंय, कुणाला काय चालू आहे ते सांगितलं. साहेबांचा आवाज खाली आला आणि जाताना ते होकार देऊन गेले. जमिला दाराशी उभी राहून ऐकत होती. पोर काही चुकते का, याकडे अजूनही तिचे कान होते. पोर चुकली नाही.

दुपारी ठकुबाईने हाक मारली, "सिस्टर."

दोघींनी एकदमच मागे वळून पाहिलं. जमिलाचं तर पाऊलही उचललं गेलं होतं.

"तुला न्हाय गो मावशी," ठकुबाई म्हणाली. "तिला."

सरू खाटेकडे गेली. तिने सकाळी खाली ठेवलेलं भांडं अजून तिथेच होतं. जमिलाने ते उचललं आणि ती न्हाणीकडे चालू लागली.